पहिली प्रत एसटीने, बाकीची लाइनवरून

समजा, एका संस्थेचा मुख्य सर्व्हर वर्ध्यात आहे आणि त्याची जुळी प्रत आर्वीच्या शाखेत हवी आहे. मधली लाइन २ एमबीपीएसची. १०० जीबी माहिती त्यावरून जायला, लाइन एकदाही तुटली नाही तरी, साडेचार दिवसांहून जास्त लागतात. म्हणून पहिली प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी, पासवर्डने बंद करावी आणि एसटीने न्यावी.

पुढे फक्त बदल पाठवायचे. त्यासाठीचं सुरेख तंत्र, आरसिंक, १९९६मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आणलं. आर्वीचा सर्व्हर आपल्या जुन्या फाइलचे तुकडे पाडतो आणि प्रत्येकाची छोटीशी गणिती खूण वर्ध्याला कळवतो. वर्ध्याचा सर्व्हर त्या खुणा नव्या फाइलवर एकेक बाइट सरकवत ताडून पाहतो आणि न जुळलेला भागच पाठवतो. त्यामुळे फाइलच्या मधोमध एखादी ओळ घुसली, तरी पुढचं सगळं पुन्हा पाठवावं लागत नाही. चालू डेटाबेसच्या फाइली मात्र अशा उचलू नयेत, प्रत अर्धवट निघते; तिथे डेटाबेसचीच रेप्लिकेशनची सोय वापरावी.

आणि जुळी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. वर्ध्यात चुकून पुसलेलं आर्वीतही पुसलं जाऊ शकतं. तारीखवार जुन्या प्रती वेगळ्या ठेवाच.