घड्याळाच्या चेनचा जाम स्क्रू: जोर नको, पद्धत हवी



घड्याळाची चेन छोटी करणं हे कमी भांडवलाचं काम आहे. कुर्ला स्टेशनला सेंट्रल आणि हार्बर, दोन्ही लाइनची गर्दी उतरते, बीकेसीचे नोकरदारही इथूनच रिक्षा पकडतात. अशा जागी एक टेबल आणि चांगली हत्यारं पुरतात. पण गिऱ्हाईकाच्या महागड्या घड्याळावर एक ओरखडा पडला, तर दिवसभराची कमाई भरपाईत जाते. आणि ओरखडा बहुतेक वेळा जाम स्क्रूवरच पडतो.

आधी ओळखा: स्क्रू की पिन?
कडीच्या आतल्या बाजूला बाण कोरलेला असेल तर ती पिन आहे, बाणाच्या दिशेने ढकलून काढायची. चिरलेल्या पिनचं टोक भिंगाशिवाय स्क्रूच्या खाचेसारखंच दिसतं. तिथे स्क्रू ड्रायव्हर फिरवत बसू नका.

स्क्रू जाम का होतो?
मुख्य कारणं दोन. एक, कंपनीने आट्यांना लावलेला थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावलेला गोंद. दोन, घाम, साबण आणि धूळ यांचा आट्यांत बसलेला मळ. मुंबईच्या दमट हवेत हा मळ भरपूर सापडतो.

काढायची पद्धत
१. चेन घड्याळापासून वेगळी करा. उष्णता आणि पाणी घड्याळाच्या आत जाता कामा नये.
२. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासा, पुसून कोरडी करा.
३. खाचेत बरोबर बसेल असंच पातं घ्या. अरुंद पातं खाच खातं, रुंद पातं कडीला ओरखडे पाडतं.
४. चेन होल्डरमध्ये पक्की धरा, आजूबाजूला टेप लावा.
५. पातं सरळ दाबून धरा आणि डावीकडे हळूहळू फिरवा. दुसऱ्या टोकालाही खाच असेल तर तिथे दुसरा स्क्रू ड्रायव्हर धरून ठेवा.
६. हलला नाही तर हेअर ड्रायरने एक-दोन मिनिटं गरम करा आणि गरम असतानाच फिरवा. तरीही नाही, तर सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर काही सेकंद टेकवा. गोंद उष्णतेनेच नरम पडतो, नुसतं तेल सोडून भागत नाही. सोनेरी किंवा काळा मुलामा असेल तर आयर्न वापरू नका.

पातं एकदा जरी घसरलं तरी थांबा. खाच गेली की दहा मिनिटांचं काम दोन तासांचं होतं. तुटलेला स्क्रू तुरटीच्या पाण्यात विरघळवायची युक्ती ऐकली असेल. ती पितळ किंवा सोन्यात अडकलेल्या साध्या स्टीलच्या स्क्रूसाठी आहे, स्टीलच्या चेनसाठी नाही.

परत बसवताना आटे साफ करून निळ्या थ्रेडलॉकरचा अगदी छोटा थेंब लावा. लाल लावू नका, पुढच्या वेळी तुम्हालाच त्रास होईल. तो पूर्ण सुकायला साधारण 24 तास लागतात, तोवर चेन भिजवू नका असं गिऱ्हाईकाला सांगा.

धंद्याचा भाग
काम हातात घेण्याआधी चेनचे फोटो काढा, असलेले ओरखडे गिऱ्हाईकाला दाखवा. जाम स्क्रूचा दर वेगळा ठेवा आणि तो आधीच सांगा. काढलेल्या कड्या आणि स्क्रू छोट्या पाकिटात परत द्या. स्क्रू आपल्या आवाक्यातला नसेल तर "साहेब, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा" असं सरळ सांगा. त्या दिवशी थोडे पैसे सुटतील, पण गिऱ्हाईक सुटणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: भंगारातली जुनी चेन आणा आणि तिच्या सगळ्या कड्या सोडवून परत जोडा. गिऱ्हाईकाच्या घड्याळाला हात त्यानंतरच लावायचा!