उद्रेकाचा पुरावा दुरूनच

ज्वालामुखीची छायाचित्रे गाजतात ती लाव्हाच्या लाल कारंज्यांमुळे. पण ज्वालामुखीशास्त्राला ज्या चित्रमालिकेने मोठा धडा दिला, तिच्यात लाव्हाचा थेंबही दिसत नाही. १८ मे १९८० रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील माउंट सेंट हेलेन्स या पर्वताला ५.१ तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला. गॅरी रोझेनक्विस्ट हे हौशी छायाचित्रकार तेव्हा ईशान्येला सुमारे १८ किलोमीटरवर बेअर मेडो येथे होते. एकाच जागेवरून त्यांनी भराभर चित्रे टिपली. पर्वताची उत्तर बाजू आत शिरलेल्या शिलारसामुळे कित्येक आठवडे दिवसाला दीड-दोन मीटर या वेगाने फुगत होती. चित्रांत तीच बाजू खाली घसरताना दिसते आणि स्फोट होतो तो त्यानंतर. हा क्रमच सगळ्यात महत्त्वाचा. स्फोटाने डोंगर फुटला नाही. डोंगर ढासळला, आतल्या शिलारसावरचा आणि तप्त पाण्यावरचा दाब एकाएकी उतरला आणि म्हणून स्फोट झाला, तोही आडवा. भूवैज्ञानिक बॅरी व्हॉइट यांनी या चित्रांवरून कडा किती तुकड्यांत आणि कसा सरकला याची मांडणी केली. सुमारे अडीच घन किलोमीटर डोंगर वाहून गेला होता. पुढे जगभरच्या अनेक ज्वालामुखींचे नालाच्या आकाराचे खड्डे आणि पायथ्याचे टेकड्याटेकड्यांचे माळ अशाच कोसळण्याच्या खुणा म्हणून ओळखले गेले.

भूकंपमापक असताना छायाचित्रे कशाला, असे कोणी म्हणेल. भूकंपशास्त्रज्ञ हिरोओ कानामोरी यांनी दूरच्या केंद्रांवरील भूकंपलहरींतून या दरडीचा जोर काढून दाखवला, हे खरेच. पण लहरींवरून जोर कळतो. कोणता तुकडा आधी सुटला आणि वाफ कुठून फुटली, हे पाहावेच लागते. उपग्रहही त्याच मिनिटाला डोक्यावर असेल, याची खात्री नसते. अर्थात चित्र आपोआप पुरावा ठरत नाही. त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यात वेळेची नोंद होत नसे, त्यामुळे दोन चित्रांमधले सेकंद इतर नोंदींशी ताडून ठरवावे लागले. कॅमेरा एकाच जागी राहिला होता, म्हणून तरी ते जमले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: चित्रांचा मोह जीव घेतो. ३ जून १९९१ रोजी जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर तप्त राख-वायूच्या लोंढ्यात ४३ जण गेले. त्यांत चित्रीकरणासाठी आलेले पत्रकार होते, मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे ज्वालामुखीशास्त्रज्ञ दांपत्य होते आणि सेंट हेलेन्सच्या त्याच दरडीवर प्रबंध लिहिणारे हॅरी ग्लिकेनही होते. याच क्राफ्ट दांपत्याची धोक्याची चित्रफीत त्या सुमारास फिलिपाइन्समध्ये पिनातुबो ज्वालामुखीच्या परिसरात दाखवली जात होती आणि लोकांनी घरे सोडण्यात तिचा मोठा वाटा होता. जवळून घेतलेल्या दृश्यांनी माणसे वाचवली, हे मान्य केलेच पाहिजे. पण धोका समजावण्यासाठी लागणारी ती जवळीक आज ड्रोन आणि निर्मनुष्य कॅमेरे पत्करू शकतात. माणसाने ती पत्करण्याचे कारण उरलेले नाही. मोजमापाला तर जवळीक लागतच नाही, उलट ती आड येते, कारण पायथ्याशी उभ्या असलेल्याच्या चौकटीत अख्खा डोंगर मावत नाही. तेव्हा आइसलँडला किंवा इंडोनेशियाला जाणाऱ्या हौशी पर्यटकांनी बंदी घातलेल्या हद्दीबाहेरच थांबावे, कॅमेरा हलवू नये, घड्याळ बरोबर लावावे आणि मूळ फाइल जपून ठेवावी.