नाव माहीत नसलेला शब्द कसा शोधायचा? प्रोग्रामिंग भाषेच्या संदर्भ-माहितीची मांडणी

पावसाचा आवाज मोठा आहे, तेव्हा मागच्यांनी जरा पुढे सरकून बसा.

आजचा विषय आहे प्रोग्रामिंग भाषेची संदर्भ-माहिती कशी लावायची. पेठमध्ये हा प्रश्न फार जवळचा आहे. नाशिक शहरातला विद्यार्थी अडला की लगेच इंटरनेटवर शोधतो. इथे पावसाळ्यात रेंज गेली, की आधी उतरवून ठेवलंय तेवढंच हाताशी. त्यात हवं ते पान सापडलं नाही, तर अख्खा दिवस वाया.

एक उदाहरण घेऊ. पायथनमध्ये आकड्यांची यादी आहे, ती चढत्या क्रमाने लावायची. विद्यार्थी यादीवर 'सॉर्ट' चालवतो आणि जे परत येईल ते पुन्हा त्याच नावात ठेवतो. छापून बघतो तर यादी गायब! नुसतं 'नन'. का? कारण सॉर्ट मूळ यादीच जागच्या जागी लावतं आणि परत काहीच देत नाही. नवी यादी हवी असेल तर 'सॉर्टेड' हे वेगळं फंक्शन आहे. दोन्ही गोष्टी पायथनच्या दस्तऐवजात लिहिलेल्या आहेत. पण सॉर्टेड आहे अंगभूत फंक्शन्सच्या प्रकरणात, आणि सॉर्ट आहे अंगभूत प्रकारांमध्ये, यादीच्या वर्णनात. माहिती असणं वेगळं आणि सापडणं वेगळं, ते असं.

मग लावायची कशी? आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे. शिवकाळातला राज्यव्यवहारकोश बघा. त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेत, पण अकारविल्हे नाही. दहा वर्ग केलेत: राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे. किल्ल्याच्या कामातल्या माणसाला दुर्गवर्गात त्याचे सगळे शब्द एका जागी मिळतात. फायदा हा, की नेमका शब्द माहीत नसला तरी तुम्ही त्याच्या शेजारी पोचता. तोटा हा, की शब्द माहीत आहे पण वर्ग माहीत नाही, तर शोधत बसा.

पाणिनीची अष्टाध्यायी आणखी वेगळी. सुमारे चार हजार सूत्रं अशा क्रमाने लावलीत, की आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्यात परत म्हणावा लागू नये. नियम थोडक्यात बसतात, पण एक रूप सिद्ध करायला दहा ठिकाणी जावं लागतं. म्हणून सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत तीच सूत्रं संधी, समास अशा विषयांनुसार लावली. नियम तेच, वाचणाऱ्याची सोय वेगळी.

पायथनवाल्यांनी काय केलंय? सगळं एका क्रमात कोंबलेलं नाही. नवशिक्यासाठी शिकवणी, एखादं काम कसं करावं याच्या 'हाऊ-टू', भाषेच्या नियमांचा काटेकोर ग्रंथ, आणि रोज लागणारा लायब्ररीचा संदर्भ, असे वेगळे भाग आहेत. लायब्ररीचा संदर्भ विषयवार आहे. त्यातली अंगभूत फंक्शन्स तेवढी वर्णानुक्रमे. शिवाय शेवटी सर्वसाधारण सूची आहेच. म्हणजे राज्यव्यवहारकोशाचे वर्गही, आणि अकारविल्हे शोधायची सोयही.

आता मराठीची अडचण. आम्ही मराठीत टिपणं करायला घेतली तेव्हा सरळ वर्णानुक्रम लावला, आणि फसलो. 'झिप' झ मध्ये शोधायचं की ज मध्ये? आणि 'ॲपेंड'मधला ॲ? हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्रपणे आलं. पण अ लिहून त्यावर चंद्र दिला तरी पडद्यावर तसंच दिसतं. डोळ्यांना एक, संगणकाला दोन. शोध घेतला तर पान असूनही 'सापडलं नाही' असं उत्तर येतं. म्हणून सूची करण्याआधी अशी अक्षरं एकाच रूपात आणून घ्यायची. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळलं की बाकीची मेहनत फुकट.

दुसरं, प्रत्येक नोंदीचा साचा एकच ठेवा. नाव, काय द्यायचं, काय परत येतं, मूळ वस्तू बदलते का, चूक कधी येते, एक छोटं उदाहरण, आणि शेवटी 'हेही बघा'. सॉर्टच्या नोंदीत 'मूळ यादी बदलते, परत काही येत नाही. हेही बघा: सॉर्टेड' एवढी ओळ असती, तर आपल्या विद्यार्थ्याची यादी गेली नसती.

तिसरं, सूचीत फक्त नावं नकोत, प्रश्नही हवेत. अडलेला मुलगा 'रिव्हर्स' शोधत नाही, 'यादी उलटी कशी करायची' असं शोधतो. त्याच्या शब्दांत सूचीत एक ओळ असली, की तो बरोबर पानावर जातो.

घरी गेल्यावर एवढं करून बघा. रेंज असतानाच पायथनचे दस्तऐवज उतरवून ठेवा. मग नेट बंद करून पायथनला 'हेल्प' विचारा. बरंचसं वर्णन कोडमध्येच लिहिलेलं असतं, त्यामुळे ते नेटशिवाय दिसतं. जिथे अडलात, तो प्रश्न तुमच्याच शब्दांत वहीत लिहून पुढच्या वेळी घेऊन या. आपली सूची त्या वह्यांतूनच तयार होणार आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.