कातळात भरपूर, ताटात अपुरे

जुलाबाने मलूल झालेले लेकरू घेऊन आई सरकारी दवाखान्यात येते, तेव्हा तिला ओआरएसच्या पुड्यांबरोबर झिंकच्या गोळ्याही मिळतात. झिंक म्हणजे जस्त. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये ही जोडी जगभर वापरण्याची शिफारस केली. आपल्याकडे या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात. पण जुलाब दोन-तीन दिवसांत थांबतात आणि उरलेली पट्टी फडताळात पडून राहते. हे जस्त गोळीतून द्यावे का लागते, याची गोष्ट बीडच्या काळ्या कातळात सुरू होते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. बालाघाटचे डोंगर त्याच बेसाल्टचे आणि अंबाजोगाईचा हत्तीखाना कोरला आहे तोही त्याच खडकात.

तप्त शिलारस थंड होताना त्यातले सगळे एकदम गोठत नाही. साखर कारखान्यात पाकातून दाणा सुटतो, तेव्हा साखर दाण्यात जाते आणि दाण्यात न सामावणारे सारे मळीत मागे राहते. शिलारसातही तसेच घडते. खनिजाचा स्फटिक ठरावीक आकाराच्या आणि विद्युतभाराच्या अणूंनाच जागा देतो. व्हिक्टर गोल्डश्मिट या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नियम मांडले. निकेल सुरुवातीच्या स्फटिकांत पटकन शिरते. युरेनियम, थोरियम यांना तिथे जागा मिळत नाही, म्हणून ती उरलेल्या रसात साठत जातात.

चंद्रावरही हीच निवड झाली. एके काळी वितळलेल्या चंद्रावर हलकी खनिजे तरंगून वर आली आणि त्यांचे कवच बनले. २०२३ मध्ये उतरलेल्या चांद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’ने मोजलेल्या मातीनेही या कल्पनेला दुजोरा दिला. अगदी शेवटी उरलेल्या रसात पोटॅशियम, फॉस्फरस आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये गोळा झाली. अपोलो मोहिमांनी आणलेल्या काही दगडांत ती सापडली.

जस्ताचा अणू आकाराने आणि भाराने लोखंडाच्या अणूला जवळचा. त्यामुळे लोहयुक्त खनिजांत तो लोखंडाच्या जागी बसतो. बेसाल्टमध्ये लोह भरपूर असते, म्हणून जस्तही बऱ्यापैकी असते. किलोभर बेसाल्टमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम जस्त असते, तर ग्रॅनाइटमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास.

मग या कातळापासून झालेल्या काळ्या मातीत जस्ताची ददात पडू नये. तरीही मराठवाड्यातल्या अनेक शेतांत पिकांना ते कमी पडते. माती विम्लधर्मी, त्यात चुनखडी जास्त आणि सेंद्रिय अंश कमी. अशा मातीत जस्त असते, पण मुळांना उचलता येत नाही. पिकाला मिळण्याजोगे जस्त किलोभर मातीत ०.६ मिलिग्रॅमहून कमी भरले, तर ती जमीन जस्ताच्या कमतरतेची समजली जाते.

पुढची अडचण ताटातली. ज्वारी, बाजरी, गहू यांच्या दाण्यांतले फायटेट हे द्रव्य जस्ताला आतड्यात धरून ठेवते. १९६० च्या दशकात डॉ. आनंद प्रसाद यांनी इराण आणि इजिप्तमधल्या खुज्या राहिलेल्या तरुणांचा अभ्यास केला. त्यांचे पोट मुख्यतः न आंबवलेल्या पोळीवर भरत होते. जस्ताची उणीव माणसाची वाढ रोखते, हे त्यातून जगाला कळले.

प्रौढ माणसाच्या सबंध शरीरात जस्त असते जेमतेम दोन ग्रॅम. पण वाढ, प्रतिकारशक्ती, जखम भरणे, तोंडाची चव ही सगळी कामे त्यावर अवलंबून असतात. शरीरात त्याचा मोठा साठा नसतो आणि जुलाबात ते वाहून जाते. आधीच नुसत्या भाकरीवर वाढणाऱ्या लेकरासाठी ही दुहेरी तूट ठरते.

म्हणून गोळ्या १४ दिवस पूर्ण द्याव्यात. सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. त्याने जुलाब लवकर आटोक्यात येतात आणि पुढचे दोन-तीन महिने ते पुन्हा होण्याची शक्यता घटते. रोजच्या जेवणात भाकरीबरोबर मोड आलेली मटकी, डाळ, शेंगदाणे, तीळ असावेत. चालत असेल तर अंडी, मटण. कडधान्य भिजवल्याने, मोड आणल्याने आणि पीठ आंबवल्याने फायटेट कमी होते. मात्र मनानेच महिनोन् महिने गोळ्या घेऊ नयेत. जस्त जास्त झाले की शरीराला तांबे कमी पडते.

शेतकऱ्याने माती तपासून, गरज असेल तेवढेच झिंक सल्फेट टाकावे. कातळाने जस्त राखून ठेवले आहे. ते लेकरापर्यंत पोचवणे मात्र शेताच्या, चुलीच्या आणि फडताळातल्या त्या पट्टीच्या हाती आहे.