न भेटलेल्या माणसाचं सुतक

२०२० सालची, टाळेबंदीतली गोष्ट. भिवंडीतले माग थांबले होते आणि त्या खडखडाटातच झोपायची सवय असलेली माणसं शांततेत जागी राहत होती. अशात सत्तरीचे एक निवृत्त माग कामगार नातवाला घेऊन बाह्यरुग्ण विभागात आले. रक्तदाब १८०/११०. गोळ्या कितीतरी दिवस घेतल्याच नव्हत्या.

"काका, घरात काही झालं का?"

"आमचे पी. के. गेले, साहेब."

"कोण? भाऊ?"

नातू हसला. मग काकांनीच सांगितलं. पी. के. म्हणजे प्रदीपकुमार बॅनर्जी, भारताच्या फुटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक. २० मार्च २०२० रोजी कोलकात्यात वारले. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघातले खेळाडू, १९७० साली बँकॉकला कांस्य जिंकणाऱ्या संघाचे सहप्रशिक्षक. सामन्याआधी ते खेळाडूंना जे बोलायचे त्याला 'व्होकल टॉनिक' म्हणत. तरुणपणी काका रोव्हर्स कप बघायला मुंबईला कूपरेजवर जायचे आणि ईस्ट बंगालचे प्रशिक्षक म्हणून मैदानाकडेला उभे असलेले पी. के. त्यांनी तिथे पाहिले होते. बोलणं कधीच झालं नव्हतं.

माझाही प्रश्न चुकलाच. आपण दुःखाला नातं विचारतो. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा शोकाला नावच दिलं: समाज ज्याचा हक्क मान्य करत नाही असं दुःख. ना सुतक, ना दहावा, ना कुणी भेटायला येणारं. काकांच्या बाबतीत तर दोनच दिवसांनी जनता कर्फ्यू, पाचव्या दिवशी टाळेबंदी. जुने सवंगडी मैदानावर जमून चार आठवणी काढतील, तीही सोय उरली नाही. शरीराला मात्र हे मानलेलं नातं खरंच वाटतं. २००६ च्या विश्वचषकात जर्मनीचा सामना असेल त्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराचे तातडीचे रुग्ण अडीचपटीहून अधिक झाले होते. मैदानावर धावणारे त्यांचे कुणी सख्खे नव्हते.

"रात्री काय करता?"

उत्तर नातवानं दिलं. "पोलिसांचं बघतात. मोबाइलवर. पहाटे तीनपर्यंत."

पोलिसांच्या गाडीत कॅमेरा घेऊन फिरणारे ते खरेखुरे माहितीपट. अमेरिकेत 'कॉप्स' १९८९ पासून चालला, आपल्याकडे खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेल्या मालिका घरोघरी पाहिल्या जातात. त्यात काय आवडतं, असं विचारल्यावर काका म्हणाले, "आरोपी सापडतो हो शेवटी."

एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये शोकाबद्दल याहून नेमकं मी फार ऐकलेलं नाही. म्हणून मी ते बघणं बंद करा म्हटलं नाही. वेळ बदलायला सांगितली. पाठलाग, सायरन, आरडाओरडा बघताना अॅड्रेनालिन वाढतं, नाडी जलद होते आणि त्यानंतर लगेच झोप येत नाही. अपुऱ्या झोपेनं रक्तदाब चढतो. त्यात गोळ्या बंद, म्हणजे पक्षाघाताला आमंत्रणच. म्हणून पोलीस दुपारी, झोपण्याआधी तासभर मोबाइल नातवाकडे आणि गोळी रोज ठरल्या वेळी. (मोबाइल नातवाकडे देण्यात नातवाची झोप जाते, हे मला नंतर सुचलं.) शिवाय जुन्या संघातल्या कुणाला तरी फोन करा, असंही सांगितलं.

शोकात झोप, भूक काही आठवडे बिघडू शकते. तो आजार नव्हे. पण सहा महिन्यांनंतरही रोजचा दिवस ढकलता येत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जगणं नको वाटलं तर सहा महिने थांबूही नये. आता १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मोफत बोलता येतं. तेव्हा ही सोय नव्हती.

तीन आठवड्यांनी काका पुन्हा आले. रक्तदाब १४६/९०. जुन्या गोलरक्षकाला फोन केला होता. तासभर बोलणं झालं आणि जकार्ताच्या अंतिम सामन्यात पहिला गोल कोणाचा, यावरून भांडणही झालं. काका म्हणत होते पी. केंचा, गोलरक्षक म्हणत होता जर्नेलसिंगचा.

रात्री घरी जाऊन मी शोधलं. पी. केंचाच होता.