देवाचा पैसा (भाग ६) : पायावर वाहिलेली नोट कुणाची?

मागच्या आठवड्यात आपण दानपेटीचं सील, तिच्या किल्ल्या आणि पंचांसमोर होणारी मोजदाद पाहिली. पेटीबद्दल फारसं भांडण नसतं. फटीतून आत गेलं ते संस्थानचं, एवढं सगळ्यांना मान्य असतं. भांडण असतं ते पेटीच्या अलीकडच्या हातभर जागेत. मूर्तीच्या पायाशी ठेवलेली नोट, आरतीच्या तबकात पडलेलं नाणं, ओटीच्या खणावरचे एकवीस रुपये : हे देवाचे, की शेजारी उभ्या असलेल्या पुजाऱ्याचे?

देणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, देवाला दिले. थोडं खोदून विचारलं तर म्हणेल, "गुरुजींनी घेतले तरी काय झालं, त्यांनाही पोट आहे." दक्षिणा हातात द्यायची आणि अर्पण पायावर करायचं, हा भेद तसा जुनाच. पण मागून रेटा येत असतो, पुढून कुणी 'चला चला' करत असतं, तेव्हा तो कुणाला आठवणार? भाविकाच्या या गोंधळावर कित्येक देवळांत पिढ्यान् पिढ्या घरं चालली आणि तितक्याच पिढ्या खटलेही चालले.

त्यातला एक खटला आपल्याकडच्या सगळ्या देवस्थानांना पुरून उरला. तो डाकोरचा. रणछोडरायाचं हे देऊळ गुजरातेत, खेडा जिल्ह्यात. पण १७७२ साली ते बांधलं पेशव्यांच्या दरबारातले सराफ गोपाळ जगन्नाथ तांबेकर यांनी. पुढे शतकभराने प्रश्न उभा राहिला तो तिथल्या सेवकांचा. पूजा आम्ही करतो, पैसा आमच्या हातात येतो, वाडवडिलांपासून तो आम्हीच घेत आलो, तेव्हा तो आमचा, असं त्यांचं म्हणणं. भक्तांच्या बाजूने मनोहर गणेश तांबेकर वगैरे मंडळींनी दावा लावला : हिशेब द्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती रेमंड वेस्ट यांच्या खंडपीठाने निकाल दिला.

निकालाचं मर्म असं, की कायद्याच्या नजरेत देव ही व्यक्ती आहे आणि त्याच्या नावे मालमत्ता असू शकते. भाविक जे वाहतो ते या व्यक्तीला वाहतो. मधल्या हातांना ते घेण्याचा, सांभाळण्याचा अधिकार असेल; पण मालकी नाही. त्यांची जागा विश्वस्ताची, आणि विश्वस्त म्हटला की हिशेब आला. घेताना देवाच्या नावाने घ्यायचं आणि हिशेबाची वेळ आली की आपलं म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही, असा एकूण रोख. सेवकांची सेवा किंवा त्यांची उपजीविका न्यायालयाने मोडीत काढली नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. त्याने फक्त वहिवाट आणि मालकी यांच्यामध्ये रेघ ओढली.

कागदावर ओढलेली रेघ गाभाऱ्यापर्यंत पोचायला मात्र फार वेळ लागतो. पंढरपूर हे त्याचं ढळढळीत उदाहरण. विठ्ठलाकडे बडवे, रुक्मिणीकडे उत्पात, शिवाय पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे, दिवटे असे सात सेवाधारी. प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि उत्पन्नावरचा हक्कही. बडव्यांमध्ये तर देवापुढच्या उत्पन्नाचा आपसांत लिलाव होई. बोली जिंकणाऱ्याच्या बाजूने विचार करून पाहा. आज जमेल ते माझं; बोलीपेक्षा जास्त जमलं तर नफा, कमी जमलं तर पदरमोड. अशा माणसाला पायावर डोकं ठेवणारा वारकरी कसा दिसेल? वारकऱ्यांच्या बोलण्यात बडव्यांबद्दल जो कडवटपणा साठला, त्याचा दोष एकेका माणसाच्या स्वभावापेक्षा या व्यवस्थेला जास्त द्यावा, असं माझं मत आहे. वर्षभराची नित्यपूजा याच घरांनी चालवली, हेही खरंच.

१९६८ मध्ये सरकारने नाडकर्णी आयोग नेमला आणि १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम आला. वंशपरंपरागत हक्क रद्द, कारभार समितीकडे. त्यावर बडवे-उत्पात न्यायालयात गेले, आणि शेवटचा शब्द पडला तो जानेवारी २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. म्हणजे कायदा झाल्यावर चाळीस वर्षांनी! त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारी नेमण्यासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. कोल्हापूरच्या अंबाबाईसाठी पगारी पुजाऱ्यांचा कायदा २०१८ मध्ये झाला. तिथल्या वादातही देवीपुढच्या उत्पन्नाचा प्रश्न होताच.

समिती आली की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. तुळजापुरात देवस्थानच्या कारभारातच सिंहासन दानपेट्यांचा लिलाव होत असे. १९९१ ते २००९ या काळातल्या लिलावांत गैरव्यवहार झाल्याची तक्रार वर्षानुवर्षं फिरत राहिली, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं. पेटीबद्दल फारसं भांडण नसतं, असं मी वर म्हटलं. पेटीच लिलावात निघाली तर मात्र बोलणंच खुंटलं.

ज्याला खात्री हवी, त्याच्यासाठी देणगी कक्ष असतो. तिथे नाव-गाव सांगा, पावती घ्या, मोकळे व्हा. पण तिथे रांग कमी असते आणि गाभाऱ्यात जास्त. पावतीवर शिक्का मिळतो. नोट मूर्तीपाशी टेकवताना जे मिळतं ते खिडकीवर मिळत नाही. कुठल्याही समितीला यावर अजून तोड सापडलेली नाही. 'पुजाऱ्यांच्या हातात पैसे देऊ नयेत' अशी पाटी अनेक देवळांत असते, आणि लोक पाटीखालीच उभे राहून पैसे देतात.

आता काही ठिकाणी तबकाशेजारी क्यूआर कोडचं कार्ड दिसू लागलंय. वाद तोच, फक्त हात लांबला : कोड कुणी लावला, खातं संस्थानचं की व्यक्तीचं? फरक एवढाच, की स्कॅन केल्यावर रक्कम टाकण्याआधी खातेदाराचं नाव पडद्यावर येतं. पिनचे आकडे दाबायच्या आधी ते वाचायला दोन सेकंद पुरतात.

(पुढील भागात : दिंडीची भिशी आणि वाटेवरचं अन्नदान)