शाळेपुढचे बीजगणित आणि त्रिकोणमिती

शालान्त परीक्षेनंतर विज्ञानशाखेकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात गणिताविषयी एक धास्ती असते. आमच्या मते तिची कारणे दोन आहेत. विषय अनोळखी वाटतो हे एक, आणि तो इंग्रजीतून शिकावा लागतो हे दुसरे. ही दोन कारणे एकमेकांत मिसळली की भाषेच्या अडचणीलाच विद्यार्थी बुद्धीची उणीव समजू लागतो आणि आवडता विषय सोडून देतो. हे नुकसान टळावे, म्हणून पुढील अभ्यासाची थोडी ओळख येथे करून देत आहोत.

प्रथम भाषेचा विचार करू. समीकरणाचे इक्वेशन होते, गुणोत्तराचा रेशो होतो, नित्यसमानतेची आयडेंटिटी होते. अर्थ तोच राहतो. साईन हा शब्द तर मुळात आपल्याकडूनच गेलेला आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ग्रंथात अर्धज्यांची गणना आहे. ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. अरबी पंडितांनी जीवा हा शब्द जिबा असा उचलला. स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द पुढे जैब, म्हणजे वस्त्राचा घोळ, असा वाचला गेला आणि बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा सायनस हा शब्द योजला. भूमितीत तुम्ही वर्तुळाची जी जीवा काढता, तिचीच ही दूरदेशी गेलेली नात होय. अल्जिब्रा हे नावही नवव्या शतकातील अल्-ख्वारिझ्मीच्या ग्रंथातील अल्-जब्र या अरबी शब्दावरून आले आहे. इंग्रजांनाही तो शब्द परकाच होता.

आता बीजगणिताकडे वळू. शाळेत बहुधा 'क्ष ची किंमत काढा' एवढीच मागणी असते. पुढे 'किंमती किती, कोणत्या प्रकारच्या, आणि तशाच का?' असे विचारले जाते. क्ष चा वर्ग अधिक १ बरोबर शून्य, हे समीकरण घ्या. कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून शाळेत आपण 'वास्तव मुळे नाहीत' असे लिहून थांबतो. पुढील वर्गात ज्याचा वर्ग उणे १ आहे अशी संख्या कल्पून गणना पुढे नेतात, आणि संमिश्र संख्यांचे नवे दालन उघडते. त्याखेरीज फल ही कल्पना येते : एका संख्येस एकच ठरावीक उत्तर जोडून देणारा नियम. मांडणी व निवड किती प्रकारे करता येईल याची गणती, श्रेढी आणि द्विपद प्रमेय हेही त्याच वाटेवरचे विषय आहेत.

त्रिकोणमितीत शाळेपुरते आपण काटकोन त्रिकोणाच्या आत राहतो. कोन ९० अंशांहून लहान असतो. पुढे कोन म्हणजे फिरण्याचे माप ठरते. एक एकक त्रिज्येच्या वर्तुळावर बिंदू फिरू लागला की १२० अंश, ४०० अंश, उलट दिशेचे उणे ३० अंश, या साऱ्यांना अर्थ येतो. अंशांच्या जोडीला रेडियन हे माप येते. त्रिज्येएवढ्या लांबीच्या कंसाने केंद्राशी केलेला कोन म्हणजे एक रेडियन, सुमारे ५७ अंश. बिंदू फिरत असता साईनची किंमत वर चढते, खाली उतरते आणि पुन्हा तोच क्रम चालू होतो. म्हणूनच भरती-ओहोटीची आगाऊ वेळापत्रके अशा अनेक लहानमोठ्या लहरींच्या बेरजेने तयार करता येतात.

एका सापळ्याची सूचना आधीच देतो, कारण त्यात पुष्कळ जण सापडतात. ३ अधिक ४ यांच्या बेरजेचा वर्ग ४९ होतो. परंतु त्यांच्या वर्गांची बेरीज २५ च भरते. त्याचप्रमाणे ३० अधिक ६० अंशांचा साईन १ आहे. परंतु दोहोंचे साईन वेगवेगळे काढून मिळवले तर सुमारे १.३६६ येतात. दोन्हीकडे चूक एकच : बेरीज कंसातून सहज बाहेर पडते असे मानणे. बेरजेची सूत्रे स्वतंत्र का शिकवतात, हे यावरून ध्यानी यावे.

पूर्वतयारी म्हणून सुटीत अवयव पाडणे, अपूर्णांक व घातांक यांची उजळणी करावी. ३० व ६० अंशांच्या किंमती पाठ करण्याऐवजी समभुज त्रिकोणात लंब टाकून स्वतः काढाव्या. विसरल्या तरी पुन्हा मिळतात. वर्गात एका प्रकाराची दहा उदाहरणे सोडवून दाखवली जातील अशी अपेक्षा ठेवू नये. तेथे बहुधा एकच दाखवतात, उरलेली नऊ आपली. एका वहीत डावीकडे मराठी व उजवीकडे इंग्रजी संज्ञा रोज लिहीत जावे. शंका मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारण्यास लाजू नये.

आमच्याप्रमाणेच तुमच्यापैकी अनेकांच्या घरची भाषा कोंकणी आहे. मराठीतून शिकताना एका भाषेतून दुसरीत जाण्याचा प्रवास तुम्ही लहान वयातच केला आहे. तो जमला, मग हा दुसरा का जमू नये? गणित जड गेले, तर ते कोठे अडले हे शोधावे : शब्द अडला असेल तर कोश पाहावा, पायरी अडली असेल तर ती पुन्हा सोडवावी. या दोहोंत भेद करावयास शिकलात, म्हणजे विषय सोडण्याची पाळी सहसा येणार नाही.